चाळीस फुटांचा वाफा

हिंजवडीत गुलाबाचा वाफा करायचा म्हटलं की बोलणं रंगापासून सुरू होतं. लाल किती घ्यायचे, पिवळे घ्यायचे का, पांढरे प्रवेशद्वाराशी उठून दिसतील का. मग कुणीतरी सुट्टीच्या दिवशी रोपवाटिकेत जातं, पिशवीतल्या रोपावर उमललेलं फूल पाहतं, आणि डझनभर रोपं गाडीत टाकून आणतं. दोन वर्षांनी त्या जागी काटेरी काड्या उरतात आणि लोक म्हणतात, 'इकडं गुलाब येत नाही.' हे मला मान्य नाही. इकडं गुलाब उत्तम येतो. पण कुठला येतो, हे ठरवण्यासाठी फुलाच्या आधी बऱ्याच गोष्टी बघाव्या लागतात.

आमच्या सोसायटीत माणच्या बाजूला चाळीस फूट लांब आणि पाच फूट रुंद पट्टी गुलाबासाठी ठरली. जातींची यादी करायला दोघं बसले. एक आमचे काका: बँकेतून निवृत्त, कोथरूडच्या जुन्या घरी वर्षानुवर्षं गुलाब वाढवलेले, टिळक स्मारक मंदिरातल्या गुलाब प्रदर्शनात फुलं मांडणारे, आता मुलाकडं इथं राहायला आले आहेत. दुसऱ्या वहिनी: माणच्याच. सासरची भाताची खाचरं होती त्या भागात आता इमारती उभ्या आहेत, आणि त्या चार-पाच सोसायट्यांच्या बागा सांभाळतात. मी उद्यान समितीत आहे म्हणून वही घेऊन बसलो. दोघांपैकी कुणाचं मला किती पटलं, हेही पुढं आलंच आहे.

काका: माझी यादी तयार आहे. पीस, सुपर स्टार, डबल डिलाइट, ख्रिश्चन दिओर, आयफेल टॉवर, पापा मेयाँ, आणि आपल्या पालसाहेबांचा पांढरा डॉ. होमी भाभा. सगळे हायब्रीड टी. एका लांब देठावर एकच फूल, मधोमध उंच कळी, पाकळी बाहेरून वळत गेलेली. गुलाब म्हणतात तो हा.

वहिनी: फुलं सुंदरच असतात काका. मी तुमच्या मांडलेल्या फुलांचे फोटो बघितलेत. पण ही यादी जानेवारीची झाली. जुलै-ऑगस्टची यादी कुठंय?

काका: जुलै-ऑगस्ट हा गुलाबाचा हंगामच नव्हे. पुण्यात गुलाबाचं वर्ष ऑक्टोबरात सुरू होतं. पाऊस गेला की छाटणी, त्यानंतर दीड-दोन महिन्यांनी पहिला बहर. डिसेंबर-जानेवारीत प्रदर्शनं भरतात ती ह्याच हिशेबानं.

वहिनी: प्रदर्शनाला तुम्ही एक फूल नेता. इथं आम्हाला अख्खं झाड बारा महिने दाखवायचंय. पावसात पान गळून गेलं की लोक मला फोन करतात, 'वहिनी, गुलाब मेले का?' मेलेले नसतात. पण झाडाला पान नाही म्हणजे त्याच्या पोटात अन्न नाही. मग ऑक्टोबरात तुम्ही छाटता तेव्हा फुटायला त्याच्यात ताकद कुठून येणार?

हा प्रश्न मला कळीचा वाटतो, आणि काकांनाही तो वाटला असावा, कारण ते काही वेळ यादीवर पेन्सिल फिरवत राहिले. थंडीतलं फूल हे पावसाळ्यात टिकलेल्या पानावर उभं असतं. एकदा हे मान्य केलं की निवडीची सगळी उतरंड बदलते.

पावसाळ्यात पान घालवणारा मुख्य शत्रू म्हणजे काळे ठिपके. पानावर कडा फिसकटलेला काळा डाग पडतो, भोवतालचं पान पिवळं होतं आणि गळतं. ह्या बुरशीचे बीजाणू पाण्याच्या शिंतोड्यांबरोबर खालच्या पानावरून वरच्या पानावर जातात, आणि रुजायला त्यांना पान सलग सातेक तास ओलं लागतं. तापमान 20 ते 26 अंशांच्या आसपास असलं की त्यांचं फार फावतं. पुण्याचा जुलै नेमका त्याच तापमानाचा असतो.

वहिनी: आणि पान ओलं राहण्याचं म्हणाल तर आपल्याकडं त्याला तोटा नाही. लोक विचारतात, इथं पाऊस किती मिलिमीटर पडतो. त्याचं गुलाबाला काय? धो धो पडून तासाभरात ऊन आलं तर पान वाळतं. आपल्याकडं दिवसभर झिमझिम लागते. मोजायला गेलं तर पाच-सात मिलिमीटर, पण पान सकाळपासून रात्रीपर्यंत ओलं.

काका: हे अगदी बरोबर. कोथरूडपेक्षा इथं जास्त जाणवतं. आपण घाटाच्या बाजूला सरकलोय ना. पुणे शहरात वर्षाला 700 ते 750 मिलिमीटर, लोणावळ्यात 4000 च्या वर. मधल्या पट्ट्यात पश्चिमेला प्रत्येक पाच-दहा किलोमीटरला पाऊस वाढत जातो. पण वहिनी, त्यावर उपाय आहे. बुरशीनाशकाची फवारणी.

वहिनी: आठवड्याला एक?

काका: पावसात आठवड्याला एक. धुऊन जातं म्हणून.

वहिनी: तुमच्या अंगणात तुम्ही करत होता. इथं त्या पट्टीला लागून मुलांच्या घसरगुंड्या आहेत. मी पाठीवर पंप घेऊन निघाले की आया मुलांना घेऊन घरात जातात, आणि जायलाच पाहिजे. चार महिने दर आठवड्याला मी ते करणार नाही, आणि माझ्या बायकांनाही करायला लावणार नाही. जी जात औषधाशिवाय पाऊस काढेल तीच लावायची. एवढं माझं म्हणणं.

मी वहिनींच्या बाजूचा आहे, हे इथं सांगून टाकतो. सार्वजनिक वाफ्यात जात निवडणं हेच पहिलं औषध. जर्मनीत नव्या गुलाबांची जी कसोटी घेतात, ती एडीआर नावाची, तिच्यात झाडं वेगवेगळ्या ठिकाणच्या बागांत तीन वर्षं औषध न मारता वाढवतात आणि मग गुण देतात. तिथला निकाल आपल्याकडं जसाच्या तसा लागू होणार नाही, कारण हवा वेगळी आणि काळ्या ठिपक्यांच्या बुरशीचे प्रकारही ठिकठिकाणी वेगळे. पण पद्धत घेण्यासारखी आहे. प्रदर्शनातल्या टेबलावर गुलाबाचं फूल कळतं. गुलाबाचं झाड कळायला त्याला उघड्यावर, मदतीवाचून उभं ठेवावं लागतं.

काकांनी मात्र माघार घेतली नाही, आणि त्यांचं पुढचं बोलणं ऐकण्यासारखं होतं.

काका: सगळ्या हायब्रीड टीला एका मापानं मोजू नका. 1867 मध्ये फ्रान्समध्ये ला फ्रान्स नावाचा गुलाब आला, तिथून हायब्रीड टी धरतात. त्यांच्या वंशात एका बाजूला युरोपातले थंडी सोसणारे गुलाब आणि दुसऱ्या बाजूला चीनमधून आलेले टी गुलाब. पुन्हा पुन्हा फुलायचा गुण चिनी गुलाबांचा. त्यातला एक लाल चिनी गुलाब तर इंग्लंडात पोहोचला तो कलकत्त्याहून, अठराव्या शतकाच्या अखेरीस. म्हणजे गरम हवा ह्या घराण्याला परकी नाही. बिघडलं ते पिवळ्यामुळं.

वहिनी: पिवळ्यामुळं?

काका: ऐका. 1900 च्या आधी हायब्रीड टीमध्ये झगझगीत पिवळा रंग नव्हताच. फिकट, दुधाळ असा होता. लिआँचे जोसेफ पेर्ने-दुशे ह्यांनी इराणकडचा पर्शियन यलो घेऊन वर्षानुवर्षं संकर केले आणि 1900 मध्ये सोलेय दोर हा गुलाब बाजारात आणला. त्यानंतर पिवळा, नारिंगी, शेंदरी, दोन रंगांचे, अशी सगळी दारं उघडली. पण तो इराणी गुलाब कोरड्या मुलखातला. काळ्या ठिपक्यांशी लढायची ताकद त्याच्यात जवळजवळ नाही. रंगाबरोबर तोही दुबळेपणा घरात आला. पीस एवढा नावाजलेला, फ्रान्सिस मेयाँनी युद्धाच्या आधी डोळकाड्या परदेशी पाठवल्या आणि 1945 मध्ये अमेरिकेत त्याचं बारसं झालं. त्याच्याही अंगात तेच पिवळं रक्त आहे.

वहिनी: मग तुमच्या यादीतले पिवळे आणि शेंदरी तुम्हीच कापा काका. मी कशाला वाईटपणा घेऊ?

काका: कापतो. पण सगळे नाही. एक पिवळा मला हवा आहे.

(तो एक पिवळा पुढं तासभर आमच्या मध्ये बसून राहिला.)

दरम्यान समितीतल्या एकांचा निरोप आला: तळेगाव इथून अर्ध्या-पाऊण तासावर, तिथं एवढी पॉलिहाउस आहेत, डच गुलाबाची रोपं तिथूनच का आणत नाही? व्हॅलेंटाइन डेला मावळचे गुलाब परदेशी जातात, तर आपल्या दारात का नकोत? त्यावर काका आणि वहिनी एका सुरात 'नको' म्हणाले. त्या बैठकीत दोघांचं इतकं चटकन जुळलं ते बहुधा एवढ्याच मुद्द्यावर.

कारण सोपं आहे. तळेगाव दाभाड्याच्या फुलशेतीत टॉप सिक्रेट, बोर्डो, पॅशन, ताजमहल अशा ज्या जाती असतात, त्यांची निवड लांब सरळ देठ, एकसारखी कळी आणि काढल्यावर पाण्यात किती दिवस टिकते ह्यावर झालेली असते. त्यांच्या डोक्यावर प्लास्टिकचं छत असतं, पाणी ठिबकनं मुळाशी मिळतं, पानाला पावसाचा थेंब लागत नाही. झाड उघड्यावर कसं दिसतं, पसरतं का, पानं भरगच्च आहेत का, ह्याची तिथं कुणाला गरजच नाही. असं रोप आणून हिंजवडीच्या जुलैत उभं करणं हा त्या रोपावर अन्याय आहे. मार्केट यार्डाच्या भावफलकावर गुलाब गड्डी आणि डच गुलाब ह्यांचे भाव वेगळे लिहितात. बागेनंही त्या दोघांना वेगळं ठेवावं.

वहिनी: गड्डीचा गुलाब म्हणजे ग्लॅडिएटर. तो लावा. उघड्या रानातला गुलाब आहे. छत नाही, काही नाही. शेतकऱ्यांनी वर्षानुवर्षं त्याच्यावर संसार केले. पाऊस खातो, ऊन खातो, जरा रोग आला तर चार पानं टाकतो आणि परत फुटतो.

काका: 1955 चा गुलाब आहे तो. आणि वहिनी, तोसुद्धा हायब्रीड टी आहे बरं का.

वहिनी: असेना. मी हायब्रीड टीच्या विरुद्ध कुठं आहे? मी काड्यांच्या विरुद्ध आहे.

काका: पण त्याला वास कुठंय? वहिनी, माणूस गुलाबापाशी गेला की पहिल्यांदा काय करतो? वाकतो आणि नाक लावतो. लहान मूल असो, आजोबा असोत. वास नाही आला की चेहरा पडतो. चाळीस फूट गुलाब लावून एकालाही वास नसला तर त्यापेक्षा बोगनवेल काय वाईट? ती तर पाणीही मागत नाही.

इथं मी काकांच्या बाजूला गेलो. टिकाऊपणाचा आग्रह धरता धरता आपण गुलाबातून गुलाब काढून टाकू शकतो. फुलाच्या व्यापारात ते झालेलंच आहे. फ्रेंच संशोधकांनी 2015 मध्ये 'सायन्स' ह्या नियतकालिकात जे काम छापलं, त्यात त्यांनी भरपूर वासाचा पापा मेयाँ आणि जवळजवळ बिनवासाचा रूज मेयाँ ह्यांची तुलना केली होती. गुलाबाच्या वासातला महत्त्वाचा घटक जिरॅनिऑल. तो पाकळीत तयार करण्यात ज्याचा हात असतो असं एक विकर त्यांना सापडलं, आणि बिनवासाच्या फुलात त्याचं काम जवळपास थांबलेलं होतं. म्हणजे वास हा निवडीत सांभाळावा लागणारा गुण आहे. नाही सांभाळला तर जातो.

वहिनी: वासाचं मलाही कळतं काका. म्हणून तर मी गावठी गुलाब म्हणतेय.

काका: गावठी! दुपारपर्यंत पाकळ्या खाली.

वहिनी: पडू देत की. रोज नवीन येतात. आमच्या घरी परसात एकच झुडूप होतं. सासूबाई पाकळ्या आणि खडीसाखर बरणीत थरावर थर घालून उन्हात ठेवायच्या, गुलकंद व्हायचा. त्या झाडाला कुणी कधी औषध मारलं नाही. तोडून लावलेली काडी तशीच जगते, त्याला खुंट नको की डोळा नको. आणि वास असा की अंगणाच्या दारातूनच कळायचं.

काका: त्याला आकार नाही. कळी नाही धड.

वहिनी: बाकाच्या मागं लावू. बसणाऱ्याला वास येईल, आकार कोण बघतंय?

काकांनी ह्यावर बराच वेळ विचार केला आणि मग 'तीन झाडं' असं वहीत लिहायला सांगितलं. गावठी म्हणून जे आपल्याकडं मिळतं त्यात दमास्क घराण्यातले गुलाब येतात, तसे एडवर्ड नावाच्या जुन्या बुर्बाँ गुलाबासारखेही येतात. रोपवाटिकेत सगळ्यांना एकच नाव. ज्या झाडाला वर्षातून पुन्हा पुन्हा फूल येतं त्याच्या काड्या ओळखीच्या अंगणातून आणणं हे सगळ्यात खात्रीचं.

मग जागेचा प्रश्न निघाला, आणि इथं वहिनींनी आम्हा दोघांनाही निरुत्तर केलं. पट्टीवर त्यांनी डिसेंबरात फक्कीची एक रेघ मारून ठेवली होती.

वहिनी: ह्या रेघेच्या अलीकडं थंडीत दुपारी बाराला सावली असते. उन्हाळ्यात बघाल तर सगळीकडं ऊन. फसगत होते ती तिथंच.

हिंजवडीसारख्या उंच इमारतींच्या वस्तीत हा मुद्दा सोन्यासारखा आहे. मे महिन्यात शून्य सावलीचा दिवस येतो तेव्हा सूर्य बरोबर डोक्यावर. पट्टी कुठल्याही बाजूला असो, ती न्हाऊन निघते. पण डिसेंबरच्या अखेरीस भर दुपारीसुद्धा सूर्य पुण्याच्या क्षितिजापासून साधारण 48 अंशांवरच असतो. त्यामुळं इमारतीची जेवढी उंची, तिच्या सुमारे नऊ दशांश लांबीची सावली उत्तरेला पडते. साठ मीटर उंच इमारत असेल तर चोपन्न मीटर. गुलाबाला रोज पाच-सहा तास तरी थेट ऊन लागतं, आणि ज्या महिन्यांत फुलं यायची त्याच महिन्यांत ते हिरावलं जातं. एप्रिल-मेमध्ये जागा पाहून वाफा आखणाऱ्याला हे दिसतच नाही. आमच्या चाळीस फुटांतले दहा फूट ह्या रेघेनं बाद केले. तिथं गुलाब लावायचाच नाही, असं ठरलं. काकांनी विरोध केला नाही.

माती हाही वहिनींचा प्रांत. भाताची जमीन काळी, चिकण, पाणी धरून ठेवणारी. भाताला ती हवी असते. गुलाबाच्या मुळांना पाण्यात उभं राहणं चालत नाही. शिवाय बांधकाम संपताना मातीखाली राडारोडा दाबलेला असतो, त्यातल्या सिमेंट-चुन्यानं जमीन अल्कधर्मी होते, आणि गुलाबाला तर किंचित आम्लधर्मी जमीन मानवते. वहिनींनी दीड-दोन फूट खणून राडारोडा काढायचा, तळाशी मुरूम, वर पोयटा आणि कुजलेलं शेणखत, आणि वाफा जमिनीपासून फूटभर उंच, असं सांगितलं. खर्चाचा आकडा ऐकून समितीत कुरकुर होईल हे मला माहीत आहे. तरी रोपांवर पैसे घालण्याआधी तो करावा, असंच मी सांगणार आहे.

काका: आता मी एक विचारतो वहिनी. रोप कुठल्या खुंटावरचं आणणार?

वहिनी: उरुळीकडच्या रोपवाटिकांत रंग विचारला की सांगतात. खुंट विचारला की दुसऱ्या गिऱ्हाइकाकडं बघतात.

काका: तरी विचारायचं. वरची जात कितीही चांगली असली तरी जमिनीशी गाठ खुंटाची असते. मल्टिफ्लोरा खुंट आम्लधर्मी जमिनीत छान चालतो, पण चुनखडीच्या, खाऱ्या जागी त्याला लोह उचलता येत नाही. पानं पिवळी, शिरा तेवढ्या हिरव्या. आपल्याकडं बागेला काय पाणी देता?

वहिनी: सांडपाणी शुद्ध केलेलं. उन्हाळ्यात त्यात बोअरचं मिसळतं.

काका: म्हणजे क्षार आलेच. मग रोझा इंडिकाच्या खुंटावरचं रोप मागायचं, त्याला चुनखडी जास्त सोसते. आणि खुंट ओळखायची एक खूण सांगतो. डोळा भरलाय त्या गाठीच्या खालून फूट आली असेल तर तिच्या पानाच्या देठाशी असलेलं उपपर्ण बघा. त्याला बारीक झालर असली की तो मल्टिफ्लोरा. ती फूट दिसली की मुळापासून ओढून काढायची, कापायची नाही. नाहीतर खुंट वरच्या जातीला खाऊन टाकतो.

वहिनींनी मोबाइलमध्ये हे बोलून ठेवलं. त्या म्हणाल्या, इतकी वर्षं ह्या फुटी त्या कापतच आल्या होत्या, आणि कितीतरी लाल गुलाबांचे दोन वर्षांत बारीक पांढरे गुलाब का झाले ते आत्ता कळलं. काकांचं ज्ञान प्रदर्शनापुरतं आहे असं ज्यांना वाटत असेल त्यांनी हे लक्षात घ्यावं. पन्नास झाडांना रोज हात लावणाऱ्या माणसाला जे दिसतं ते पुस्तकात शोधून मिळत नाही.

भारतात गुलाब तयार करणाऱ्यांची गोष्टही त्यांनीच काढली. त्यांच्या यादीतले पालसाहेब, म्हणजे डॉ. बेंजामिन पिअरी पाल, हे गव्हाचे शास्त्रज्ञ. दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेचे संचालक, पुढं 1965 मध्ये कृषी संशोधन परिषदेचे पहिले महासंचालक. गव्हावरचा तांबेरा हा त्यांच्या आयुष्याचा विषय, आणि फावल्या वेळात ते गुलाबाचे संकर करत. 1966 मध्ये त्यांचं 'द रोझ इन इंडिया' आलं. गव्हात रोगप्रतिकार शोधणारा माणूस गुलाबाकडंही नुसता फूल बघून थांबत नव्हता. त्यांची दिल्ली प्रिन्सेस ही 1963 ची फ्लोरिबंडा झुपक्यानं फुलते. काकांच्या मते तीच वहिनींना हवी तशी आहे.

काका: आणि कोडाइकॅनॉलला वीरू वीरराघवन आहेत. आयएएसची नोकरी सोडून गुलाबाच्या मागं लागले. आपल्या देशातला रोझा क्लायनोफिला हा रानगुलाब ओल्या, गरम जागी वाढतो, पाण्याकाठी. तो घेऊन ते गरम देशांसाठी गुलाब करतात. आपल्या यादीला खरं तर तसलेच हवेत.

वहिनी: मिळतात का इथं?

काका: रोपवाटिकेत सहज नाही मिळत.

वहिनी: मग जे मिळतं त्यातून बोला.

बोलणं तिथून भराभर पुढं गेलं. मागच्या ओळीत क्वीन एलिझाबेथ, 1954 चा, उंच वाढणारा, गुलाबी, आणि त्याच्या जोडीला ग्लॅडिएटर. पुढं आइसबर्ग, 1958 चा, पांढरा, झुपक्यांनी फुलणारा, आणि दिल्ली प्रिन्सेस. आइसबर्गला काळे ठिपके पडत नाहीत असं कुणी म्हणणार नाही, पडतात. पण त्याचं अंग असं की पान गेलं तरी नवी फूट थांबत नाही, आणि उघड्या वाफ्यात हा गुण महत्त्वाचा. फ्लोरिबंडात एक फूल खराब झालं तरी झुपका शिल्लक असतो, पावसानं पाकळ्या डागाळल्या तरी झाड रिकामं दिसत नाही. दोन झाडांत दोन फूट, हायब्रीड टीत अडीच. दाटी केली की वारा खेळत नाही आणि पान वाळत नाही. मार्च-एप्रिलात आजूबाजूच्या बांधकामांची आणि तयार काँक्रीटच्या (आरएमसी) प्लांटची धूळ पानांवर बसते, धुळीत लाल कोळी वाढतो. तेव्हा सकाळी पानांच्या खालच्या बाजूनं पाण्याचा जोरदार फवारा मारायचा, म्हणजे दुपारपर्यंत पान वाळतं. हे काम वहिनींच्या बायका आनंदानं करतील, त्याला औषध लागत नाही.

काकांना पूर्वेकडच्या टोकाला सहा झाडांची जागा दिली. तिथं सकाळचं ऊन पहिल्यांदा येतं आणि पानावरचं दव लवकर उडतं. डबल डिलाइट, पापा मेयाँ, डॉ. होमी भाभा, प्रत्येकी दोन. वासाचे दोन प्रकार, एक पांढरा. त्यांची छाटणी, त्यांच्या पाट्या, त्यांचं सगळं काकांकडं.

वहिनी: पण अट एकच. पंधरा ऑगस्टला झेंडावंदनाला सगळी सोसायटी खाली येते. त्या दिवशी ज्याची अर्धी पानं अंगावर नसतील ते झाड काढायचं.

काका: एका पावसाळ्यावर निकाल लावू नका. नवीन रोपाचं मूळ पहिल्या वर्षी कुठं बसलेलं असतं? दोन पावसाळे द्या.

वहिनी: दिले दोन. आणि मी काय म्हणते, लावायचंच ऑक्टोबरात. मे महिन्यात वाफा भरून ठेवते, पावसात माती बसू दे, कुठं पाणी साचतंय ते दिसू दे.

काका: आणि रोपं?

वहिनी: रोपं ऑगस्टात बघायला जाऊ. सगळे थंडीत जातात, फुलं बघतात. आपण भर पावसात जायचं. उघड्यावर ठेवलेल्या पिशव्यांत ज्या जातीच्या अंगावर पान असेल तिच्यावर खूण करायची, पैसे देऊन ठेवायचे, ऑक्टोबरात उचलायची. रोपवाटिकेवाला ज्यांना पुढं आणून ठेवतो ती नाही, मागच्या रांगेतली बघायची.

काकांनी यादीचा कागद उलटा केला आणि पाठीमागच्या कोऱ्या बाजूला जातींची नावं पुन्हा लिहिली, प्रत्येकीसमोर एक रिकामा चौकोन ठेवून. शेवटी सगळ्यांच्या खाली एक चौकोन काढला आणि त्याच्यासमोर नाव न लिहिता फक्त 'पिवळा' असं लिहिलं.

वहिनी: काका, ते खोडा.

काका: मागच्या रांगेत एखादा पानांसकट उभा दिसला तर?

वहिनी: तर मी स्वतः त्याचे पैसे भरेन. पण पानं मी मोजणार, तुम्ही नाही.